पोहोचलेली माया

१९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया या बालरोगतज्ज्ञांपुढे मोठा पेच होता. त्यांच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची, जेमतेम किलो-दीड किलोची बाळं येत आणि काचेच्या पेट्या कमी पडत. एकाच पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत, मग एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई. डॉक्टरांनी ऊब देणारी दुसरी जागा शोधली, ती म्हणजे आईची छाती. सावरलेल्या बाळाला फक्त लंगोट आणि टोपडं घालायचं, आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं आणि कापडाने बांधून घ्यायचं. हीच ‘कांगारू मदर केअर’. आज आपल्याकडच्या अनेक रुग्णालयांतही ती शिकवली जाते.

या कुशीत बाळाला काय मिळतं? आईच्या अंगची ऊब मिळते, त्यामुळे शरीर गरम राखण्यात खर्च होणारी शक्ती वाढीला लागते. श्वास आणि हृदयाचे ठोके अधिक स्थिर राहतात. दूध जवळ असतं, आणि बाळाच्या स्पर्शाने आईलाही पान्हा चांगला फुटतो.

भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेने याची मोठी चाचणी घेतली. आपल्याकडे ती दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात झाली. १ ते १.८ किलो वजनाच्या तीन हजारांहून अधिक बाळांपैकी निम्म्यांना, तब्येत स्थिरावण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच कुशीत दिलं गेलं. बाकीच्यांना नेहमीच्या रीतीप्रमाणे, सावरल्यावर. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लगेच कुशीत गेलेल्या बाळांमध्ये पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू पाव हिश्शाने कमी होते. हा फरक दिसल्यावर चाचणी वेळेआधीच थांबवण्यात आली. डॉक्टर आणि औषधं दोन्ही गटांना होती. मायेने त्यांची जागा घेतली नाही, त्यांच्या जोडीने काम केलं.

मोठ्या माणसांचं शरीरही मायेला असाच प्रतिसाद देतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातील जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२ विवाहित जोडप्यांच्या हातावर बारीक फोड आणले आणि त्या जखमा भरायला किती वेळ लागतो ते पाहिलं. २००५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकमेकांना आधार देणाऱ्या बोलण्यानंतर जखमा लवकर भरल्या, वादानंतर उशिरा. ज्या जोडप्यांच्या बोलण्यात कडवटपणा जास्त होता, त्यांच्या जखमा आणखीच रेंगाळल्या.

बोगोटातल्या त्या आयांचं बाळांवर प्रेम आधीही होतंच, बाळ काचेत असतानाही. पण बाळाच्या शरीराला त्याचा लाभ झाला तो आईला त्याला उराशी धरता आलं तेव्हा. माया मनात असणं आणि ती समोरच्याच्या अंगापर्यंत पोहोचणं यांत अंतर आहे. ते हात, आवाज आणि वेळ यांनीच ओलांडता येतं.

आपल्या घरांत प्रेमाला तोटा नाही. तरी मूल दहा-बारा वर्षांचं झालं की त्याला जवळ घेणं थांबतं. नवरा-बायकोचं बोलणं किराणा आणि बिलांपुरतं उरतं. आई-वडिलांची, सासू-सासऱ्यांची औषधं आपण वेळेवर आणतो, सणाला त्यांच्या पाया पडतो, पण त्यांच्या पाठीवरून मायेचा हात फिरून कित्येक महिने झालेले असतात. ज्यांचा जोडीदार गेला आहे, त्यांना तर दिवसचे दिवस कुणाचा स्पर्श होत नाही.

म्हणून गोळी देताना दोन मिनिटं शेजारी बसावं. दुखऱ्या गुडघ्याला तेल आपल्या हातांनी चोळून द्यावं. शाळेतून आलेल्या मुलाचे मार्क विचारण्याआधी त्याला जवळ घ्यावं. कामावरून थकून आलेल्या माणसाला आधी पाणी आणि दोन गोड शब्द द्यावेत, तक्रारी नंतर. आपल्या मनातल्या प्रेमावर ज्यांचा हक्क आहे, त्यांच्यापर्यंत ते आजच पोहोचवावं. त्यांच्या शरीराला त्याची गरज आहे, आणि ती भागवणं आपल्या हातात आहे.