अपरिग्रहाचे व्रत आणि सोन्याची वेदी

दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या संघाने आपले प्रार्थनास्थळ सोन्याने मढवावे का, हा ख्रिस्ती धर्मविचारातला जुना वाद आहे. त्याचा एक धागा ठाण्यापर्यंत येतो. एप्रिल १३२१ मध्ये येथे चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले. त्यांपैकी तोलेंतिनोच्या थॉमसने कडक अपरिग्रहाच्या आग्रहापायी इटलीत तुरुंगवास भोगला होता. फ्रान्सिस्कन संघ वस्तू वापरतो, मालकी मात्र पोपकडे असते, अशी तोवरची सोय होती. पोप बाविसावे जॉन यांनी १३२२ मध्ये ती मोडली. ख्रिस्त व त्याचे शिष्य यांच्या मालकीचे काहीच नव्हते, हे मतही त्यांनी १३२३ मध्ये पाखंड ठरवले.

पुढे हाच संघ पोर्तुगीज राजाश्रयाने पश्चिम किनाऱ्यावर आला. ठाण्यात टेंभी नाक्यापासून जवळ, मासुंदा तलावाकाठी उभ्या असलेल्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चची परंपरा पोर्तुगीज काळातली आहे. बरोक कलेचा पूर्ण थाट मात्र दक्षिणेला, जुन्या गोव्यात दिसतो. तेथील असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च १६६१ मध्ये नव्याने बांधले गेले. दर्शनी भाग साधा. प्रवेशद्वार आधीच्या वास्तूतले, मॅन्युएलाइन शैलीचे. आतली मुख्य वेदी कोरीव लाकडाची, सोन्याचा मुलामा दिलेली. तिच्यावर क्रुसावरील ख्रिस्त आणि फ्रान्सिस यांच्या मूर्ती आहेत, आणि खाली दारिद्र्य, नम्रता व आज्ञापालन ही व्रते कोरलेली आहेत.

या विसंगतीला बरोक काळाने दिलेले उत्तर ट्रेंटच्या धर्मपरिषदेत सापडते. प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनचे अनुयायी चर्चमधून मूर्ती काढून टाकत होते. त्यावर परिषदेने डिसेंबर १५६३ मध्ये निर्वाळा दिला, की प्रतिमेला दिलेला मान मूळ विभूतीला पोहोचतो आणि चित्रे-मूर्तींमधून अशिक्षितालाही धर्म कळतो. देह असलेल्या माणसाला डोळ्यांतूनच वर नेता येते, ही त्यामागची धारणा. मराठी वाचकाला ती सगुणोपासनेच्या समर्थनाजवळची वाटेल. या विचाराने झगमगाट देवाचा ठरतो. भिक्षूची खोली साधीच राहते.

हे उत्तर दृश्य रूपाचे समर्थन करते, पण ते रूप सोन्याचेच का, हे त्यातून सिद्ध होत नाही. निर्धन ख्रिस्ताचे दर्शन साध्या लाकडातूनही घडू शकते. शिवाय मालकीच्या वादात धनाच्या उगमाचा प्रश्न मागे पडतो. गोव्यात पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न १५४१ पासून ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळवले गेले. आपल्या नावावर काही नसणे, एवढ्याने अपरिग्रह पुरा होत नाही. देवाला वाहिलेले धन कोणाकडून आले, याचाही हिशेब त्यात धरावा लागतो. सोन्याच्या वेदीचे सौंदर्य या कसोटीने खोटे ठरत नाही. मात्र केवळ सौंदर्याच्या बळावर ती वेदी व्रताशी सुसंगतही ठरत नाही.