सामाईक तार

पुण्यात नाना पेठेतील आमच्या वाड्यात तीन बिऱ्हाडांचे कपडे एकाच तारेवर वाळत. जस्ताचा मुलामा तार वाकते तिथे, खिळ्यापाशी, आधी तडकतो आणि पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. तो प्रथम आम्हांस दिसला. आम्ही काय केले? आपले कपडे दुसऱ्या टोकाला सरकवले! चार दिवसांनी शेजारच्या आजींच्या पांढऱ्या लुगड्यावर तांबूस डाग उमटला. लिंबू चोळूनही पुरता गेला नाही. तार सर्वांची, मग दोष एकट्या आमचा कसा, अशी आम्ही मनाची समजूत घातली. पण मिस्साच्या आरंभीच्या पापकबुलीत न केलेल्या कर्तव्याचाही उच्चार असतो, आणि ज्याला आधी दिसले त्याचे कर्तव्य आधी, हे आम्हांस ठाऊक होते. रविवारी नवी तार ताणली. आजींनी स्टूल धरले. डागाविषयी मात्र आम्ही त्यांना अजून काही सांगितलेले नव्हते.