बांधापलीकडे जाणारा धूर

‘जालना, सोने का पालना’ असं आमच्याकडची जुनी माणसं अजून अभिमानाने सांगतात. बियाणं, मोसंबी आणि सळई यांनी तो अभिमान आजवर टिकवलाही. पण २०१९ साली केंद्राने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवेची मर्यादा न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत मुंबई, पुणे, चंद्रपूर यांच्या पंगतीला जालन्याचंही पान मांडलं गेलं. या पंगतीचा अभिमान कुणी सांगत नाही.

कारण विचारलं, की प्रत्येकाचा हात एमआयडीसीकडे जातो. तो चुकीच्या दिशेला जातो असं नाही. भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या, रोलिंग मिल, भंगार घेऊन येणारे आणि सळई घेऊन जाणारे ट्रक, त्यांनी उडवलेली धूळ, हे सगळं खरं आहे. धूर गाळणारी यंत्रणा बसवणं आणि ती रात्रीही चालू ठेवणं ही कारखानदाराचीच जबाबदारी; तिथे सामान्य माणसाने स्वतःला दोष देत बसायचं कारण नाही. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला आणि वायुप्रदूषणाचा केंद्रीय कायदा त्याच महिन्याच्या १६ तारखेला लागू झाला. म्हणजे हा कायदा जवळजवळ या जिल्ह्याच्याच वयाचा आहे. तरी धुराची वेळ, ठिकाण आणि फोटो जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करणारे किती? पानटपरीवर केलेली तक्रार कुठल्याच दप्तरात नोंदली जात नाही.

पण बोट दाखवून झालं, की तोच माणूस घरी येऊन अंगणातला कचरा पेटवतो. आज मला बोलायचं आहे ते या माणसाबद्दल.

त्याच्या अंगणातल्या धुराचाही आम्लपावसाला हातभार लागतो. आम्लपाऊस म्हणजे आकाशातून पडणारं तेजाब अशी काहींची कल्पना असते. तसं नाही. कोळसा, डिझेल, पालापाचोळा असं काहीही जाळलं, की त्यातलं गंधक आणि हवेतलं नत्र यांचे वायू होतात. ढगातल्या पाण्यात मिसळून ते सौम्य आम्ल बनतात. स्वच्छ पावसाचा सामू ५.६ च्या आसपास असतो, त्याखाली घसरला की तो आम्लपाऊस. रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने मँचेस्टरच्या गिरण्यांच्या धुरात हे ओळखलं, त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली. आपल्याकडची माती चुनखडीची, तिची धूळही अल्कधर्मी; त्यामुळे बरंचसं आम्ल हवेतच मारलं जातं. पण हा दिलासा फसवा आहे. आम्ल मारलं जातं तरी त्याचे सूक्ष्म कण हवेत उरतातच, आणि ते थेट छातीत जातात.

आता शेताकडे या. कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून बांधाला ढीग लावायचा आणि काडी ओढायची, ही आपली रीत. तिच्यामागे कारणही आहे. २०१७ च्या हंगामात शेंदरी बोंडअळीने कापूस खाल्ला, तेव्हापासून पऱ्हाटी शेतात ठेवू नका, फरदड घेऊ नका असं कृषी विभाग दरवर्षी बजावतो. ते योग्यच आहे. पण नष्ट करणं म्हणजे जाळणं नव्हे. ट्रॅक्टरच्या श्रेडरने तिची बारीक कुट्टी करून खड्ड्यात कुजवली तरी अळी मरते आणि खत हाती येतं. जाळली तर नत्र जवळजवळ सगळं आणि गंधकाचा बराचसा भाग धुराबरोबर जातो. मग जूनमध्ये तोच शेतकरी सोयाबीनला घालायला गंधकाची पिशवी आणि युरियाची गोणी विकत आणतो. फुकटचं हवेत सोडून विकतचं मातीत घालायचं, हा कुठला हिशेब?

युरियाचीही हीच कथा. वरच्यावर फेकलेल्या युरियातलं नत्र आपल्या अल्कधर्मी जमिनीतून अमोनिया होऊन उडतं, आणि हवेतल्या आम्लाशी जुळून त्याचे कण बनतात. पाळीबरोबर किंवा पेरून तो मातीआड केला, तर पैसाही वाचतो आणि हवाही.

कचरा जाळण्याबाबत राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये साध्या जाळपोळीला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावरच्या जाळपोळीला २५,००० रुपये भरपाई ठरवली. आपल्या गल्लीत कुणी ती भरल्याचं मी ऐकलेलं नाही. तांब्यासाठी वायरचं प्लास्टिक जाळणारी पोरं तर दिसूनही न दिसल्यासारखी असतात. त्या पोरांना हाकलण्याआधी जाळलेलं तांबं विकत घेणाऱ्या दुकानदाराला प्रश्न विचारायला हवा.

आणि चूल. पऱ्हाटीचा धूर सगळ्यात आधी जातो तो घरातल्या बाईच्या डोळ्यांत. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गॅसचं कनेक्शन दारात आणलं, पण भरलेलं सिलिंडर परवडत नाही म्हणून रिकामं सिलिंडर पोत्याखाली झाकून ठेवलेलं मी अनेक घरांत पाहिलं आहे. गरिबी खरी आहे, तिची थट्टा करायची नाही. पण ज्या घरात मोटारसायकलच्या पेट्रोलला आणि मोबाइलच्या रिचार्जला दर महिन्याला पैसे निघतात, त्या घरात सिलिंडरच तेवढं महाग का वाटतं, हे घरातल्या पुरुषांनी स्वतःला विचारावं.

शहरातल्या शिकलेल्यांनीही हसू नये. आपला दिवा ज्या विजेवर लागतो तिचा मोठा वाटा परळी, भुसावळ, कोराडीच्या कोळशातून येतो. रिकाम्या खोलीत फिरणाऱ्या पंख्याचा धूर तिकडे निघतो, इतकंच. जुना ७५ वॅटचा पंखा बदलून २८ ते ३५ वॅटचा घेतला तर वीज निम्म्याहून कमी लागते. २०२० पासून डिझेल-पेट्रोलमधलं गंधक दर दहा लाख भागांत १० भागांवर आलं. हे सरकारने केलं. पण गाडी उभी असताना इंजिन बंद करणं, पीयूसी पैसे देऊन नव्हे तर तपासून घेणं, आणि दिवाळीत गंधक भरलेली हजाराची माळ न लावणं, यासाठी कुठल्या अधिसूचनेची वाट पाहायची?

एकट्याने काय होणार, असं म्हणणाऱ्याला मी कडवंचीला जायला सांगेन. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचं मार्गदर्शन घेऊन त्या गावाने शिवारातलं पाणी शिवारातच अडवलं आणि दुष्काळी जिल्ह्यात द्राक्षं पिकवली. गावाचं काम झालं तरी ते एकेका बांधावरच करावं लागतं. पाण्याबाबत जमलं ते धुराबाबत का जमू नये?

वीतभर बांध सरकला तर आपण तलाठी, तहसील, कोर्ट, सगळं करतो. तोच बांध ओलांडून आपला धूर शेजाऱ्याच्या दम्याच्या म्हातारीपर्यंत जातो, तेव्हा मात्र आपल्याला हद्द आठवत नाही. हा निव्वळ अन्याय आहे, आणि तो रोज आपल्या हातून होतो.

यंदा वेचणी संपण्याआधीच गावातल्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून श्रेडर ठरवा. ग्रामसभेत कचरा न जाळण्याचा ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या. भट्टीच्या धुराची तक्रार करायची तर दहा सह्यांनी करा आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.