टॉकीज वाचवायचं म्हणजे नेमकं काय?

बीड शहरात रेल्वे पोचली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. म्हणजे टॉकीजच्या भरभराटीच्या साऱ्या काळात सिनेमा इथं आला तो रस्त्यानंच, पत्र्याच्या पेटीतून. मोठ्या शहरांत महिनोन्‌महिने चालून घासलेली प्रिंट तालुक्याच्या वाट्याला यायची. पडद्यावर रेघांचा पाऊस, ऐन गाण्यात उडी. तरी ‘पेटी आली का?’ ही चौकशी आधीपासून सुरू असायची.

त्या टॉकीजची खरी मौज थर्डात वा बाल्कनीत नव्हती, वरच्या केबिनमध्ये होती. कार्बनच्या दोन कांड्यांच्या टोकांमध्ये विजेचा झोत पेटायचा आणि त्याच उजेडात नट-नट्या पडद्यावर उतरायच्या. कांड्या जळत जात, म्हणून त्यांच्यातलं अंतर सारखं राखावं लागे. ऑपरेटरची नजर ढळली की पडदा काळवंडायचा आणि खालून शिट्ट्या सुरू. मोठं रीळ वीसेक मिनिटांचं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमके. तो दिसताच दुसरं मशीन चालू करायचं. प्रेक्षकाला पत्ताही लागत नसे. एकच मशीन असलं, तर मात्र रीळ बदलेपर्यंत सगळे बिड्या ओढायला बाहेर!

हे सगळं बुडालं ते केवळ टीव्हीमुळं, असं म्हणणं सोपं आहे. पण 2001च्या सुमारास राज्यानं मल्टिप्लेक्सना करमणूक करात भरघोस सवलत दिली आणि एकपडदा टॉकीजवाले कर भरत राहिले. पुढं दहा-बारा वर्षांत फिल्मची प्रिंटच बंद झाली. डिजिटल यंत्रणेचा खर्च तालुक्याच्या तिकीटदरात कसा निघायचा?

आता जीर्णोद्धाराची भाषा ऐकू येते. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस गोंडलच्या राजघराण्याकडं होतं. वर्षानुवर्षं बंद राहून 2016 मध्ये ते नव्या झळाळीनं उघडलं आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोनं त्या कामाची दखल घेतली. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024च्या रात्री जळालं, तेव्हा ते होतं तसं उभारा, म्हणून कलावंत रडले. ते रास्तच होतं. शाहू महाराजांनी उभारलेली वास्तू ती. पण ज्या इमारतीला राजा नाही, कमानी नाहीत, नुसती पत्र्याची शेड आणि तिकिटाची जाळीदार खिडकी आहे, तिच्यासाठी कोण रडणार? वारसा यादीत नाव यायला देखणेपण लागतं. आमच्या टॉकीजकडं तेवढंच नव्हतं.

मला पुण्याचं उदाहरण जवळचं वाटतं. 1934 साली सुरू झालेलं ‘प्रभात’ किबे घराण्याच्या जागेत भाडेकरारावर चालायचं. 2014च्या अखेरीस करार संपला. मालकांनी डागडुजी केली आणि ‘किबे लक्ष्मी’ या मूळ नावानं थिएटर पुन्हा सुरू केलं. नाव बदलल्याची हळहळ लोकांना वाटली असेल. मला विशेष वाटत नाही. पडदा चालू राहिला, हे महत्त्वाचं. उलट, दर्शनी भाग रंगवून आत दुकानांचे गाळे काढले, तर त्याला जीर्णोद्धार कशाला म्हणायचं?

म्हणून बीड, परळी, माजलगाव, अंबाजोगाई इथल्या नगरपालिकांनी आणि टॉकीजमालकांनी हजार खुर्च्यांचा हट्ट धरू नये. दीडशे-दोनशे खुर्च्यांचं सभागृह पुरे. संध्याकाळी सिनेमा, सकाळी शाळांचे कार्यक्रम, अधूनमधून एकांकिका. ऊसतोडीला गेलेली माणसं परततात तेव्हा उन्हाळ्यात जादा खेळ. हिशेब तरीही घट्टच राहील. पण कर आणि परवान्यांत सरकारनं हात सैल सोडला, तर जमण्यासारखा आहे.

आणि जिथं हेही होणार नाही, तिथं निदान मशीन भंगारात घालू नका. संतकवी दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी चारशे वर्षं जपणारा हा जिल्हा आहे. पोस्टर, तिकिटांची पुस्तकं, प्रोजेक्टर हे सगळं पाडकामाआधी बाहेर काढा, फोटो घ्या, जुन्या ऑपरेटरला बोलतं करून रेकॉर्ड करा. पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. त्यांना एक पत्र तरी टाका.