गजर वाजला आणि तुम्ही बसून राहिलात

काल सकाळी अकरा वाजता इमारतीत आगीचा गजर वाजला. तो सराव होता हे तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत असू नये म्हणूनच आधी सांगितलं नव्हतं. तेव्हा काय केलंत तुम्ही? एकमेकांची तोंडं पाहिलीत. कुणी खिडकीतून डोकावलं, कुणी वर्गाच्या ग्रुपवर ‘खरंच आहे का?’ म्हणून विचारलं. निम्मे जण जागचे हलले नाहीत. जे हलले ते लिफ्टसमोर गर्दी करून उभे राहिले. आणि मैदानात पोहोचल्यावर माझ्या कानावर पहिला प्रश्न आला, “सर, हजेरी लागणार ना?”

लाज वाटली पाहिजे. मतदान करण्याइतके मोठे झालात आणि स्वतःचा जीव वाचवण्यासाठी कुणीतरी दंडाला धरून उठवावं लागतं?

पण मला सगळ्यात जास्त संताप आला तो तिसऱ्या मजल्यावर. तुमच्यातली एक मुलगी व्हीलचेअरवर येते. तिला मी जिन्याच्या तोंडाशी एकटी बसलेली पाहिली. लिफ्ट बंद केलेली होती. साठ जणांचा वर्ग तिच्या बाजूने खाली उतरून गेला होता. तिच्या वह्या मागता, तिच्याबरोबर डबा खाता, आणि धोक्याच्या वेळी ती तुमच्या लक्षातही राहिली नाही! यात एकट्या तुमचाच दोष नाही, हेही सांगतो. तिचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर ठेवणाऱ्यांनी तिला खाली कसं आणायचं याचा विचार केला नव्हता. वेळापत्रक करणारे मागच्या रांगेत बसले आहेत, त्यांनीही ऐकावं.

“नेहमीसारखा खोटाच असेल असं वाटलं,” असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणालात. ऐका मग. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात सीटन हॉल विद्यापीठ आहे. तिथल्या बोलंड हॉल या वसतिगृहात पहिल्या वर्षाची मुलं राहत. सत्र सुरू झाल्यापासून तिथे अठरा वेळा खोटा गजर वाजला होता. १९ जानेवारी २००० च्या पहाटे पुन्हा वाजला. अनेकांनी कूस बदलली आणि पांघरूण डोक्यावर ओढलं. या वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत खरोखर आग लागली होती. तीन मुलं गेली, पन्नासहून अधिक जखमी झाली. वसतिगृहांत स्प्रिंकलर बसवण्याचा कायदा त्या राज्याने त्याच वर्षी केला. कायदा आला, पण मुलं परत आली नाहीत. गजर खरा की खोटा हे ठरवणं तुमचं काम नाही. तुमचं काम उठून बाहेर पडणं. खोटा निघाला तर दहा मिनिटं वाया जातील, जाऊ देत.

तुम्हाला वाटतं, ज्वाळा दिसल्या की पळू. आगीत माणूस बहुतेक वेळा ज्वाळेने नव्हे, धुराने मरतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं, मग विचार सुचेनासा होतो, मग पाय चालत नाहीत. उघडा जिना तर अशा वेळी चुलीच्या धुराड्यासारखा काम करतो. खालचा धूर बघता बघता वरच्या मजल्यावर पोहोचतो. म्हणून जिन्याची दारं मिटलेली हवीत. आणि आपल्याकडे काय चालतं? दुसऱ्या मजल्यावरचं दार वारा यावा म्हणून उघडं ठेवलंय, आणि त्याला टेकण लावलंय आग विझवायच्या सिलिंडरचं! त्या सिलिंडरवरची तपासणीची चिठ्ठी मी वाचली. तिची मुदत केव्हाच संपली आहे.

आता मागच्या जिन्याकडे या. मोडके बाक, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, गॅदरिंगचा थर्माकोल. तळाशी चॅनल गेट, त्याला कुलूप, आणि किल्ली शिपायाच्या खिशात. विचारलं तर उत्तर मिळतं, “सर, मुलं लेक्चर बुडवून तिकडून पळतात.” मुलं पळू नयेत म्हणून मुलांची सुटकेची वाट बंद करता? २४ मे २०१९ रोजी सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये वरच्या मजल्यावर शिकवणी वर्ग चालू होता. आगीने जिन्याची वाट तोडली. मुलांनी खिडक्यांतून खाली उड्या मारल्या, ते साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. बावीस विद्यार्थी गेले. ती तुमच्याच वयाची, तुमच्यासारखीच वही-पेन घेऊन बसलेली मुलं होती.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची आणि इमारत वापरणाऱ्याची आहे, आणि ती चालू असल्याचा दाखला दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. कार्यालयाने तो दाखला सूचना फलकावर लावावा. नसेल तर तसं लेखी सांगावं. विद्यार्थ्यांनो, फी भरता ना? मग हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आणि होस्टेलवाल्यांनो, तुमच्या खोल्या मला माहीत आहेत. एका बोर्डावर इंडक्शन, पाणी तापवायचा रॉड आणि तीन चार्जर. सिगारेटचा धूर कळू नये म्हणून स्मोक डिटेक्टरला बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी. ज्याने ती बांधली त्याने शेजारच्या खोलीतल्या झोपलेल्या मुलाचा जीव पणाला लावला आहे. आज संध्याकाळपर्यंत एकूण एक पिशवी निघाली पाहिजे.

आता नीट ऐका, उद्या यातलं काहीही विचारीन. गजर वाजला की बॅग, लॅपटॉप, चप्पल शोधत बसायचं नाही. लिफ्टकडे जायचं नाही. बंद दाराला आधी हाताची मागची बाजू लावायची. दार तापलेलं असेल तर उघडायचं नाही. धूर असेल तर वाकून, जमिनीलगत चालायचं. वाट बंद झाली तर खोलीत परत यायचं, दाराच्या फटीत ओलं कापड कोंबायचं, १०१ ला फोन करून इमारत, मजला आणि खोली सांगायची, आणि खिडकीतून कापड हलवायचं. सिलिंडरची पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरायची, दांडा दाबून डावी-उजवीकडे फिरवायची. पण आग लहान असेल आणि बाहेरची वाट तुमच्या पाठीशी असेल तरच. त्यातली पावडर काही सेकंदांतच संपते. मोठ्या आगीशी मर्दुमकी दाखवू नका.

शनिवारी मागचा जिना रिकामा करायचा. बाक मी स्वतः उचलणार आहे, प्राध्यापकांनीही यावं. चॅनल गेटला वर्ग चालू असताना कुलूप दिसलं, तर मी प्राचार्यांकडे जाईन आणि तिथे ऐकलं नाही तर अग्निशमन दलाकडे. प्रत्येक वर्गाने दोन जणांची नावं द्यायची. शेवटी वर्ग रिकामा झाला का हे ते पाहतील. ज्यांना मदत लागते त्यांच्यासाठी वेगळे चार जण, आणि कसं उचलायचं हे आधी त्यांनाच विचारून शिकायचं. पुढच्या सोमवारपासून त्या मुलीचा वर्ग तळमजल्यावर भरेल.

पुढचा सराव केव्हा होईल ते सांगणार नाही. त्या दिवशी जो जागेवर बसून राहील, त्याच्या घरी मी फोन करीन आणि आईवडिलांना समोर बसवून बोलेन. तुमच्यापैकी एकाच्याही घरी दुसऱ्या कुठल्या कारणासाठी फोन करायची वेळ माझ्यावर येता कामा नये.