गाडी अडली म्हणजे वारी अडली काय?

वारीस निघालेला माणूस घरदार मागे ठेवून निघतो, असे आपण नित्य म्हणतो. बोलायला ते गोड आहे, परंतु आजकालच्या दिंडीकडे नीट पाहिले तर ते पुरते खरे नाही. घर मागे राहत नाही, ते ट्रकवर चढून आपल्याबरोबर येते.

आमच्या येवल्याच्या दिंडीचेच पाहा ना. कोपरगाव, राहाता, राहुरी, नगर (आता अहिल्यानगर), मिरजगाव, करमाळा, टेंभुर्णी, करकंब अशी आमची वाट. तीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आणि पंधरा-सोळा मुक्काम. इतके दिवस शंभर-सव्वाशे माणसांचा सारा संसार एका ट्रकात असतो. राहुट्या, बांबू, गहू-तांदळाची पोती, मोठाली पातेली, गॅसच्या टाक्या, वळकट्या, औषधांची पेटी, सगळे त्यात. पाठीमागून पाण्याचा टँकर. पूर्वी हे काम बैलगाड्या करीत. आता बैलांच्या जागी इंजिन आले एवढाच फरक.

चाकावर घर असणारे आपणच नव्हे. राजस्थानातले गाडिया लोहार पिढ्यान् पिढ्या गाडीतच जन्मले आणि गाडीतच वाढले. आपल्याकडचे ऊसतोडणी कामगार दसरा-दिवाळी झाली की पोराबाळांसह निघतात ते पाच-सहा महिने कारखान्याच्या वाटेवर काढतात. परदेशांत तर कित्येक जण हौसेने मोटारीतच बिछाना आणि चूल मांडून वर्ष वर्ष हिंडतात. कुणाचे पोटासाठी, कुणाचे हौसेसाठी, आपले विठ्ठलासाठी. पण एक गोष्ट साऱ्यांना सारखीच. ज्याचे घर चाकावर, त्याची भाकरीही चाकाच्या स्वाधीन. चाक अडले की चूल अडली.

तर अशा वेळी वारकऱ्याने काय करावे? वाटेत अवचित विघ्न आले तर ते कसे घ्यावे? याची दोन तयार उत्तरे आपल्या जिभेवर असतात. एक, “माउलीची इच्छा!” आणि दुसरे, “अमक्याची चूक!” ही दोन्ही उत्तरे आम्ही स्वतः एकाच दिवशी दिलेली आहेत आणि दोन्ही तोकडी पडलेली पाहिली आहेत. तो प्रसंग सांगणे थोडे लाजिरवाणे आहे, तरी सांगतो.

२०२३ ची आषाढी. त्या साली पाऊस लांबला होता, ऊन मी मी म्हणत होते. राहुरीच्या मुक्कामी ड्रायव्हर आमच्याकडे आला आणि म्हणाला, “काका, मागच्या चाकावरच्या पाट्याला चीर गेलीय. वजन लई आहे. नगरात बदलून घेऊ.” दिंडीचा जमाखर्च आमच्याकडे. पैसे नव्हते असे नाही, पण पुढे मुक्काम पुष्कळ होते आणि हात आखडता घ्यायची आम्हांस सवय. आम्ही हसून म्हणालो, “अहो, इतकी वर्षे नेली, माउली यंदाही नेतील की पंढरीपर्यंत!” आजूबाजूच्या मंडळींनी माना डोलावल्या. ड्रायव्हर बिचारा गप्प झाला. माउलीचे नाव मध्ये आले म्हटल्यावर तो तरी काय बोलणार?

नगर मागे पडले. मिरजगावच्या अलीकडे एके दिवशी पहाटे दिंडी पुढे चालू लागली; मागून सामान भरून ट्रकने यायचे, आम्हांस ओलांडून दुपारच्या विसाव्याला जायचे आणि स्वयंपाक लावायचा, असा रोजचा शिरस्ता. दुपारी आम्ही विसाव्याच्या जागी पोचलो तर ना धूर, ना ट्रक. मग फोन आला. पाटा तुटला होता, गाडी एका अंगाला कलून रस्त्याच्या कडेला उभी होती. कोणाला लागले नव्हते, ही एवढीच सुदैवाची गोष्ट.

आमच्यात एक आजी होत्या, साखरेच्या आजाराच्या. सकाळी सुई टोचून घेतलेली, आणि दुपारचे जेवण वेळेवर मिळेल या भरवशावर त्या चालत आलेल्या. सुई घेतल्यावर अन्नाला उशीर झाला की साखर एकदम खाली जाते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. आजींचे हात थरथरू लागले, दरदरून घाम आला, बोलणे बरळल्यासारखे होऊ लागले. आम्ही पंखा घालीत बसलो. त्या वस्तीवरची एक बाई पाणी द्यायला आली होती, तिच्या ते ध्यानात आले. तिच्या सासऱ्यांना हाच आजार होता म्हणे. ती धावत घरी गेली आणि गुळाचे पाणी घेऊन आली. घोट घोट पाजल्यावर थोड्या वेळाने आजी भानावर आल्या. नंतर त्या वस्तीने घरोघर चुली पेटवल्या. कोणी चार भाकरी, कोणी पिठले, कोणी कांदा-मिरची, असे करीत सव्वाशे माणसे जेवली.

जेवणे होताच आमच्यात बोलाचाली सुरू झाली. “ड्रायव्हरने आधी बघायला नको होतं का?” “गाडी नीट राखता येत नाही तर दिंडीला यायचं कशाला?” ड्रायव्हर तिथेच बसला होता. त्याने मान खाली घातली. राहुरीचे बोलणे त्याने काढले नाही. आणि वाचक हो, खरे सांगतो, आम्हीही काढले नाही. शब्द ओठाशी आले होते. पण चारचौघांत आपली पत जाईल म्हणून गिळले.

संध्याकाळी हरिपाठाला उभे राहिलो, टाळ हातात घेतला आणि टाळ वाजेना. ज्याचे नाव घेऊन आपण सकाळ-संध्याकाळ नाचतो, त्याच्याच नावावर आपण आपला चिक्कूपणा खपवला, आणि आता त्याचे पाप एका गरिबाच्या डोक्यावर जाऊ देतो आहोत! हरिपाठ संपल्यावर सर्वांसमोर सांगून टाकले, “त्यानं राहुरीतच सांगितलं होतं. नको आम्ही म्हणालो.” क्षणभर कोणी बोलेना. मग ड्रायव्हरच म्हणाला, “जाऊ द्या काका. मिस्त्री सकाळी येतोय, नवा पाटा टाकू.” आजींनी मात्र सुनावले, आणि त्यांचा तो हक्कच होता. “माउलीवर भार टाकावा रे, पण ट्रकातली पोती बी माउलीच्या डोक्यावर?”

त्या एका वाक्यात आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आले. भरवसा आणि हलगर्जीपणा यांची तोंडे एकसारखी दिसतात. दोघेही म्हणतात, “होईल सगळे.” पण भरवसा ठेवणारा आपल्या वाटचे काम आटोपून मग देवाकडे पाहतो, आणि हलगर्जी माणूस ते काम देवावर सोडून मोकळा होतो. जे टाळता येण्यासारखे होते त्याला दैव म्हणणे ही भक्ती नव्हे. तो देवावर घातलेला आळ आहे.

उरलेले अर्धे उत्तर त्या विघ्नांविषयी, जी कोणाच्याच चुकीने येत नाहीत. संतचरित्रांत अशा अडलेल्या वाटा पुष्कळ आहेत. नामदेवराय आणि ज्ञानेश्वर महाराज तीर्थयात्रेस निघाले असता मारवाडच्या रुक्ष मुलखात तहानेने व्याकूळ झाले. विहीर सापडली, पण पाणी फार खोल. ज्ञानदेव योगबळाने सूक्ष्म रूप घेऊन खाली उतरले आणि पाणी पिऊन आले. नामदेवांनी विठ्ठलाचा धावा केला आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागली. कीर्तनात ही कथा योगापेक्षा भक्ती थोर हे दाखवण्यासाठी सांगतात, आणि ते योग्यच आहे. आमच्या मनात मात्र आणखी एक गोष्ट येते. आपली तहान भागल्यावर ज्ञानदेव वाटेला लागले नाहीत. सोबत्यासाठी विहिरीपाशी थांबले. आणि धाव्याने आलेले पाणी एकट्या नामदेवांपुरते आले नाही; ते विहिरीबाहेर वाहिले.

दुसरी कथा आपल्या त्र्यंबकेश्वराची. विठ्ठलपंत मुलाबाळांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ आडवा आला, धावपळ उडाली आणि त्यात निवृत्तिनाथ चुकले. चुकले ते गहिनीनाथांच्या गुहेत पोचले आणि तिथे त्यांना अनुग्रह झाला. पुढे त्यांनीच तो ज्ञानदेवांना दिला. एवढे ऐकून आपण चटकन म्हणतो, “बघा, होते ते बऱ्याचसाठीच!” थांबा. त्या रात्री विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांच्या जिवाचे काय झाले असेल, याचा विचार आपण कधी केला आहे काय? पोर वाघाने नेले की दरीत पडले, या घोराने त्या माउलीचा डोळा लागला असेल काय? त्या रात्री कोणी शहाण्याने जाऊन “यात काही चांगलेच असेल” असे म्हटले असते, तर ते खरे असूनही निर्दय ठरले असते. विघ्नाचा अर्थ मागाहून कळतो, आणि तो ज्याचा त्याला कळावा. दुसऱ्याच्या अडचणीला आपण आधी गुळाचे पाणी द्यावे. अर्थ सांगण्याची घाई करू नये.

तिसरे उदाहरण ज्यांनी माउलींच्या पालखी सोहळ्यास आजचे रूप दिले त्या हैबतबाबा आरफळकरांचे. ते शिंदे सरकारच्या पदरी होते. धन घेऊन गावाकडे परतताना सातपुड्यात त्यांना लुटारूंनी पकडून गुहेत कोंडले, आणि तिथेही त्यांनी हरिपाठ सोडला नाही, असे संप्रदायात सांगतात. सुटल्यावर ते आळंदीला येऊन राहिले. वाट बंद झाली, नियम बंद झाला नाही. नियमाला वाट लागत नाही, माणूस लागतो.

हेच आपण सर्वांनी २०२० साली अनुभवले. करोनाची साथ आली, पायी वारी थांबली. मानाच्या पालख्यांच्या पादुका एस.टी.च्या गाडीतून, मोजक्या माणसांनिशी, दशमीस पंढरीला गेल्या. १ जुलैची एकादशी लाखो वारकऱ्यांनी घरीच केली. २०२१ सालीही पादुका गाडीनेच गेल्या. पायी सोहळा पुन्हा निघाला तो २०२२ साली. मधल्या त्या दोन वर्षांत आमच्या गल्लीतले एक म्हातारे रोज पहाटे काकडा आटोपून अंगणात तुळशीभोवती फेऱ्या मारीत. विचारले तर म्हणत, “आज राहुरी आली.” दुसऱ्या दिवशी, “आज नगर.” लोक हसले. पण त्यांची वारी चुकली, असे म्हणण्याची आमची तरी छाती नाही.

आता राहिला त्या रात्रीचा एक प्रश्न. थांबावे की निघावे? दशमीला पंढरीत पोचायचे, वाट कोणासाठी थांबत नाही. पण मोडक्या गाडीपाशी ड्रायव्हरला एकटा टाकून जायचे काय? आजींना वस्तीवर सोडायचे काय? दोन्हीकडे धर्मच होता, म्हणून निवाडा अवघड होता. तो विणेकरीबुवांनी केला. ते म्हणाले, “वीणा आपण खाली ठेवतो का? नाही. पण म्हणून एकाच्याच गळ्यात ठेवतो का? तेही नाही. एक दमला की दुसऱ्याच्या गळ्यात जाते.” झाले. दोन तरुण ट्रकपाशी राहिले, एक बाई आजींजवळ राहिली, बाकीची दिंडी सकाळी निघाली. तिसऱ्या मुक्कामाला सगळी पुन्हा एकत्र आली. जे थांबले त्यांची वारी खंडली नाही; उलट चालणाऱ्यांच्या वाटचे थांबणे त्यांनी केले, आणि थांबलेल्यांच्या वाटचे चालणे आम्ही.

तेव्हापासून आमच्या दिंडीने काही गोष्टी नेमाच्या केल्या आहेत, इतरांसही उपयोगी पडाव्यात. निघण्याआधी गाडी मिस्त्रीला दाखवावी, आणि ड्रायव्हरचे बोलणे विणेकऱ्याच्या बोलण्याइतके मानावे. अडीनडीचा पैसा वेगळा बांधून ठेवावा आणि अडीनडीलाच तो मोकळ्या हाताने खर्च करावा. ज्याचे औषध त्याच्या झोळीत असावे, ट्रकात नव्हे. साखरवाल्यांनी जवळ गूळ-खडीसाखर बाळगावी आणि शेजारच्या टाळकऱ्याला आपला आजार सांगून ठेवावा. ज्या वस्तीने जेवू घातले तिला परतवारीत विसरू नये.

आमच्या येवल्यात पैठणीचे माग आहेत. रेशमाचा धागा केव्हा तुटेल याचा नेम नसतो. तुटला म्हणून विणकर माग सोडून उठत नाही, की धाग्याला शिव्या देत बसत नाही. दिवा जवळ ओढतो, तुटलेली टोके शोधतो, बोटांनी सांधतो आणि पुढे विणू लागतो. आपणही तेवढेच करावे. यंदाच्या वारीस निघताना आम्ही ट्रकखाली वाकून पाटे स्वतः पाहिले, आणि मग वर येऊन माउलींना हात जोडले. राम कृष्ण हरि.