वाट पाहणे

गेल्या दिवाळीतली गोष्ट. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, म्हणून मी पाडव्यालाच बहिणीकडे जाऊन पोचलो होतो. तिन्हीसांजेला माझी भाची जरीचे नेसून, तबकात निरांजन, सुपारी आणि अंगठी घेऊन पाटासमोर उभी राहिली. पाटावर जावई नव्हते. पाटावर एक तांब्या होता आणि तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल. त्यात जावई दिसत होते. त्यांच्याकडे तेव्हा सकाळ होती आणि कामावर जायची घाई होती. भाचीने हसत हसत ओवाळले. निरांजन जरा लांबूनच फिरवले, कारण फोन महागाचा. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, एक फोटो काढ ना. फोन आणि मी दोघंही आलो पाहिजे हं. फायलीला लावायचाय."

मी फोटो काढला. पण 'फायलीला' हा शब्द काही केल्या मनातून जाईना.

लग्नाला दोन वर्षे होऊन गेली. जावई परदेशात कायमचे राहिलेले. तिथला शिरस्ता असा, की बायकोला बोलवायचे तर नवऱ्याने सरकारकडे अर्ज करायचा, तिचा भार माझ्या शिरावर असे लिहून द्यायचे, आणि लग्न खरे असल्याचे पुरावे जोडायचे. बायकोने नवऱ्याला बोलवायचे तरी हेच. त्या देशाचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितले की गाऱ्हाणे त्या एका देशापुरते होते, आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे हीच रीत आहे.

आता, रांगेला माझी हरकत नाही. रॉकेलच्या रांगेत डबा धरून माझे बालपण गेले. रांग माणसाचे तोंड पाहत नाही, हा तिचा मोठाच गुण. शिवाय दोन तास उशिरा मिळालेले रॉकेल तितकेच जळते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांचे तसे नाही. ती तिसऱ्या वर्षी एकदम उचलून आणता येत नाहीत.

आणि ही रांग तोंड पाहत नाही असेही नाही. अमेरिकेच्या कायद्यात नागरिकाच्या पत्नीला वार्षिक संख्येची मर्यादा नाही; पण ज्याच्याजवळ नुसते ग्रीन कार्ड आहे, त्याच्या पत्नीला मात्र वर्षाकाठी ठरलेल्या जागांतच बसावे लागते. अर्ज दाखल झाल्याची तारीख हाच तिचा नंबर. दर महिन्याला पत्रक निघते, त्यात आपली तारीख आली का ते पाहायचे. कॅनडाच्या सरकारने डिसेंबर २०१६ मध्ये, असे बहुतेक अर्ज बारा महिन्यांत निकालात काढू, असे जाहीर केले. त्याच देशातल्या क्वेबेक प्रांताने जून २०२४ मध्ये ठरवले, की पुढच्या दोन वर्षांत कुटुंबीयांसाठीचे अर्ज १३,००० च घ्यायचे. म्हणजे ओटावा नदीच्या एका काठावर राहणाऱ्याची बायको एका रांगेत आणि समोरच्या काठावर, गातिनोला राहणाऱ्याची दुसऱ्या रांगेत. इंग्लंडने एप्रिल २०२४ मध्ये, जोडीदाराला बोलावणाऱ्याची वार्षिक मिळकत निदान २९,००० पौंड हवी, अशी अट घातली. आधी ती १८,६०० ची होती. आपल्याकडे वराची मिळकत मुलीचा बाप विचारतो. तिथे हे काम सरकारने पत्करलेले दिसते.

सरकारची बाजू नाही असे मी म्हणत नाही. घराला दार असते तसे देशालाही असणार. पैसे घेऊन खोटी लग्ने जुळवणारे दलाल आपल्याकडेही आहेत, हे कोणाला ठाऊक नाही? चौकशी अवश्य व्हावी. प्रश्न एवढाच, की नवराबायकोने एकत्र राहणे ही कोणी द्यायची गोष्ट आहे का?

हा प्रश्न जुना आहे. १९०८ साली कॅनडाने नियम केला, की मायदेशातून वाटेत न थांबता थेट येईल त्यालाच उतरू द्यायचे. हिंदुस्थानातून तशी थेट आगबोट नव्हतीच. त्यामुळे तिथे आधीच राहिलेल्या पंजाबी मजुरांना बायकामुले नेणे अशक्य झाले. १९१२ साली भागसिंग आणि बलवंतसिंग हे दोन शीख पुढारी आपापले कुटुंब घेऊन व्हँकुव्हरला परतले. त्या दोघांना उतरू दिले. बायकामुलांना परत धाडायचा हुकूम झाला. बरीच ओरड झाल्यावर त्यांना राहू देण्यात आले, पण मेहेरबानी म्हणून, आणि हा दाखला पुढे कोणी दाखवू नये अशा बोलीवर. इतरांच्या बायकामुलांना वाट मिळायला १९१९ साल उजाडले.

त्या काळी निदान मेहेरबानी असे उघड म्हणत. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने कुटुंब हा समाजाचा स्वाभाविक पाया मानला आणि त्याला राज्याचे संरक्षण कबूल केले. तरीही ज्याला मुदत नाही आणि उशीर झाल्यावर ज्याचा जाब विचारता येत नाही, त्याला हक्क म्हणावे कसे? माझ्या भाचीने बँकेतली बढती नाकारली, कारण बदलीच्या गावी जाऊन बसावे आणि तेवढ्यात पत्र यावे! खोलीला नवे पडदे लावायचे तर म्हणते, "कशाला, जायचंच आहे." दोन वर्षे झाली, जुनेच पडदे आहेत.

रात्री जेवताना मी हे सारे मोठ्या तावातावाने बोललो. माझी बहीण पुरणपोळीवर तूप वाढता वाढता म्हणाली, "दादा, आपल्या आजीनं काय केलं मग?"

मी गप्प झालो. आजोबा गिरणीत, परळला दहाजणांच्या खोलीत एक वळकटी टाकायची जागा. आजी रत्नागिरीकडे, शेत आणि म्हातारी सासू सांभाळीत. वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला भेट. अशी तीसएक वर्षे गेली. आजीला अक्षरओळख नव्हती, म्हणून आलेले पत्र पोस्टमन ओसरीवर बसून वाचून दाखवी. पोस्टमन वाचणार हे ठाऊक असल्याने आजोबा लिहीत ते एवढेच, की सर्व क्षेम आहे, मनिऑर्डर पावती जपून ठेवणे. दोघांच्या मधे बसलेला तो तिसरा माणूस आणि भाचीच्या फायलीतला अधिकारी यांत मला त्या रात्री फारसा फरक दिसेना.

आणि मी स्वतः काय केले होते? आजी गेली तेव्हा तिच्या सोशिकपणावर एक लेख लिहिला होता. घरात सर्वांना तो आवडला. ऊर्मिलेचा दाखलाही दिल्याचे आठवते. ऊर्मिलेला चौदा वर्षे थांबशील का असे कोणी विचारले होते, हे त्या लेखात नव्हते; आजीला कोणी विचारले होते का, तेही नव्हते. आपण होऊन धरलेला धीर आणि दुसऱ्याने काढून घेतलेला वेळ यांना मी एकच नाव देऊन टाकले होते. परक्या सरकारावर रागावणे त्या मानाने फारच सोपे.

भाची सगळे ऐकत होती. ती म्हणाली, "पण मामा, पणजीकडे कुणी पुरावा तर मागितला नाही ना?"

"मागितला असता तर," बहीण म्हणाली, "तिच्याकडे मनिऑर्डरच्या पावत्या होत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची तो फोटो छापून घेऊन आली. "मामा, खाली दोन ओळी इंग्रजीत लिहून दे. पाडवा म्हणजे काय ते साहेबाला कळायला हवं." मी बराच वेळ लेखणी चावीत बसलो. शेवटी लिहिले, की हा दिवाळीतला एक दिवस. या दिवशी नवरा घरी असतो आणि बायको त्याला दिव्याने ओवाळते.

भाचीने वाचले. मग माझ्याच हातातली लेखणी घेऊन 'नवरा घरी असतो' एवढे शब्द तिने खोडले, आणि कागद फायलीत ठेवला.